न फुटलेली काच

त्या चौथ्या वारी, म्हणजे बुधवारी, पहाटे आई वाती वळायला बसली होती, बाबा आणि मी तळघरात होतो, आणि तिघांनाही हातातल्या कामापलीकडे काही सुचत नव्हतं. इतका साधा दिवस त्यानंतर आमच्या घरात उगवला नाही.

उन्हाळ्यात चरबीच्या मेणबत्त्या करायच्या नसतात. थर लवकर धरत नाही, धरला तर ओघळून खाली येतो आणि मेणबत्ती मुळ्यासारखी एका टोकाला फुगते. पण खाटकाकडून मेंढ्यांची चरबी त्या वर्षी उशिरा आली होती आणि ठेवली असती तर आठवड्यात तिला वास सुटला असता. म्हणून आम्ही ऊन चढायच्या आत गार तळघरात काम उरकायचो. बाबा लांब दांडी उचलायचा, तिच्यावर लोंबणाऱ्या वाती वितळलेल्या चरबीत बुडवायचा, वर काढायचा, थेंब गळू द्यायचा आणि दांडी चौकटीवर टेकवायचा. तोवर मी दुसरी पुढे करायची. पहिली थंड झाली की पुन्हा बुडवायची. बोटाएवढी जाड होईपर्यंत हेच. बाबाच्या दाढीच्या खुंटांवरसुद्धा चरबी बसायची आणि तो हसला की ती गालावर तडकायची.

आईला चरबीचा धूर सोसत नव्हता. हिवाळ्यापासून तिचे पाय सुजत होते, चार पावलं टाकली की दम लागत होता. ती तळघराच्या वरच्या पायरीवर, मागच्या दारातून वारा येतो तिथे बसली होती आणि मांडीवर कापसाचा दोरा घेऊन वाती वळत होती.

"केलेब, तुझी वात वाकडी पडतेय," ती वरून म्हणाली.

"तुला तिथून दिसतंय?"

"तुझा खांदा दिसतोय. उजवा उतरलाय."

"मग खांद्याला बोल. वातीची काय चूक?"

आई हसली आणि हसण्याचा खोकला झाला. बाबानं दांडी तशीच धरून ठेवली. खोकला थांबला तेव्हाच ती बुडवली.

आम्ही सभेचे लोक एकमेकांना तू म्हणतो. नवरा बायकोला, मुलगी बापाला, आणि वेळ आली तर न्यायाधीशालाही. एका माणसाला अनेक करून बोलणं म्हणजे त्याला फुगवणं, असं आमच्या आजोबांच्या आजोबांनी ठरवलं होतं. मार्टनबीच्या बाजारात लोक आम्हाला क्वेकर म्हणत, आमच्या टोप्यांना हसत आणि सामान मात्र आमच्याकडूनच घेत, कारण आमच्या ओळीत सांगितलेला भाव हाच भाव असायचा. सायलस पेव्हरेलचं कापडाचं दुकान, इसाक ब्रॅगचं घड्याळांचं, मग आमचं. तिन्ही दुकानांच्या मागे आणि वर तीन घरं, आणि तिन्ही घरांतून पहिल्या वारी, म्हणजे रविवारी, सकाळी माणसं एकाच वेळी सभाघराकडे निघायची.

दुपारी टपालाची घोडागाडी हिरव्या डहाळ्या लावून चौकात शिरली. गाडीवाला उभा राहून ओरडत होता. समुद्रापलीकडे मोठी लढाई झाली होती आणि आपल्या सैन्यानं ती जिंकली होती. थोड्याच वेळात मनोऱ्याच्या घरातल्या, गाव ज्याला चर्च म्हणतं तिथल्या, घंटा सुरू झाल्या. दवंडीवाला आमच्या दारासमोर मुद्दाम थांबला. उद्या संध्याकाळी गावातल्या प्रत्येक खिडकीत दिवे लागले पाहिजेत, असं त्यानं आमच्याकडे बघून दोनदा सांगितलं.

मग दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. बाबा हात पुसून पुढे आला आणि प्रत्येकाला एकच विचारायला लागला.

"कशाला हव्यात?"

"जाळायला," लोहार म्हणाला. "खायला नाही नेत."

"उद्याच्या रोषणाईला असतील तर मी देणार नाही. घरात लागत असतील तर घे."

"घरातच लावणार की. खिडकी काय घराबाहेर असते?"

लोक हसले. बाबा हसला नाही. "तू सांगशील ते मी खरं धरीन," तो म्हणाला.

लोहाराला ते अवघड झालं. त्यानं मेणबत्त्यांचा जुडगा खाली ठेवला, पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला. "राहू दे तुझं," म्हणाला आणि जाताना उंबऱ्यावर थुंकला.

त्याच्यामागे म्हातारा टॉम हिग्ज होता. "मला आजीसाठी हव्यात. तिच्या पाठीला चरबी चोळायचीय."

"तुझी आजी मी जन्मायच्या आधी गेली, टॉम."

"म्हणून तर. फार गार पडलीय."

यावर बाबासुद्धा हसला. पण मेणबत्त्या दिल्या नाहीत.

समोरची नॅन टफ्ट, पाववाल्याची बायको, कोपर टेकून उभी होती. "ऑर्टनबुवा, लढाईला तुम्ही जाऊ नका, कुणी सांगितलंय? पण माल विकायला काय होतं? ते काय तोफेत भरणार आहेत तुमच्या मेणबत्त्या?"

"माणसं मेली म्हणून दिवे लावायचे, नॅन. ते माझ्या हातून नको."

"आणि उद्या काचा फुटल्या म्हणजे?"

"फुटू देत," आतून आईचा आवाज आला. "काचा बसवणाऱ्याचाही संसार आहे."

दुकानातले लोक आईला हसले नाहीत. तिला कुणी हसत नसे. मी लहान असताना अशीच एक रोषणाई झाली होती आणि आमच्या ओळीतल्या घरांवर दगड पडले होते. तेव्हा आई पुढच्या खोलीत खिडकीखाली मोजा विणत बसून राहिली. एक तुकडा तिच्या भुवईत घुसला. तिनं तो काढला, रुमाल बांधला आणि विणलेली ओळ पूर्ण केली. सकाळी तिनं काचा बादलीत भरल्या आणि पहिल्या गिऱ्हाइकाला, ज्याचा दगड असणं सहज शक्य होतं त्याला, मेणबत्त्या मोजून दिल्या. पुढे ती सभेत बोलायला लागली, दुसऱ्या गावांच्या सभांनाही जायला लागली. मी कुठेही गेले तरी लोक विचारायचे, भुवईवर व्रण आहे त्या डॉर्कसची मुलगी का तू? मला त्याचा अभिमान होता. आणि मी तिच्यासारखी नाही हे त्या प्रत्येक वेळी मला कळायचं.

त्या संध्याकाळी वर जाताना ती जिन्यात मध्येच बसली. बाबानं तिला उचलून नेलं. "चरबीच्या पोत्यापेक्षा हलकी झालीस," तो म्हणाला. तिनं त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं.

दुसऱ्या दिवशी तिला पडून राहताच येईना. पाठीशी उशा, त्यामागे मेंढीच्या लोकरीची गादी गुंडाळून आम्ही तिला बसतं ठेवलं. खाट खिडकीला लावली, कारण हवा तिथेच होती. दुपारी बाबानं खाट आत ओढून पाहिली, तर तिचे ओठ निळे पडले. पुन्हा खिडकीपाशी नेली. मग त्यानं खिडकीवर गोधडी लावली.

"काढ ती, केलेब. मी मरायच्या आधी मला पुरू नकोस."

त्यानं गोधडी काढली. घडी घालून खाटेच्या पायाशी ठेवली.

अंधार पडायला लागला तशी गावात एकेक खिडकी उजळली. नॅनच्या खिडकीत आठ मेणबत्त्या होत्या. आमच्या नव्हेत, चरबी पातळ होती, मला लांबूनही कळलं. आमच्या ओळीत अंधार होता. खालच्या खिडक्यांना फळ्या होत्या, वरच्यांना नव्हत्या. आईला काळोखात दम जास्त लागायचा, म्हणून एक मेणबत्ती तिच्या उशाशी, खाटेमागच्या तिवईवर ठेवली होती. तिचा उजेड बाहेर जात नव्हता.

ढोल आधी ऐकू आले. मग माणसं. मग सायलस पेव्हरेलच्या काचा. पेव्हरेलच्या दुकानाला मोठ्या काचा होत्या, त्या एकदम गेल्या नाहीत, एकेक करून गेल्या, आणि प्रत्येकीला लोक आरोळी देत होते. आईचे डोळे उघडे होते. ब्रॅगची वरची खिडकी फुटली तेव्हा आतलं कुठलं तरी घड्याळ वाजायला लागलं आणि थांबेचना. बाहेर हशा पिकला.

बाबा तिवईशेजारी उभा होता. मी खाटेच्या पायाशी होते. मी त्याच्याकडे बघत होते म्हणून मला दिसलं. त्यानं आधी हात पुसले, दुकानात गिऱ्हाइकासमोर जाताना पुसायचा तसे. मग मेणबत्ती उचलली, खाटेला वळसा घातला आणि ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली.

खाली माना वर झाल्या. मग कुणीतरी ओरडलं, "अरे, क्वेकरानं दिवा लावला!" आणि सगळा रस्ता हसला. लोहाराचा आवाज मला ओळखू आला. "ऑर्टनबुवा की जय!" तीन वेळा जयघोष झाला. टोप्या वर उडाल्या. ढोल पुढे सरकले.

"ते काढ, केलेब," आई म्हणाली.

बाबा खिडकीकडे पाठ करून उभा होता. "मला नाही जमत, डॉर्कस."

"काढ."

तो खोलीबाहेर गेला. जिन्याच्या पायऱ्यांवर त्याची पावलं मी ऐकली, अर्ध्यावर ती थांबली. तो तिथेच बसला असावा.

मी उठले. खाटेला वळसा घालून कट्ट्यापाशी गेले आणि मेणबत्तीला हात घातला. तेव्हा आईनं माझं मनगट धरलं. सुजलेल्या बोटांत एवढी ताकद असेल असं मला वाटलं नव्हतं.

"राहू दे," ती म्हणाली.

मला वाटलं माझं ऐकण्यात काही चुकलं. मी खाली वाकले.

"राहू दे, केझिया. मला भीती वाटते गं."

मी हात मागे घेतला. तिनं माझं मनगट सोडलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं. मेणबत्तीच्या उजेडात तिच्या भुवईवरचा व्रण पांढरा दिसत होता. ती त्यानंतर बोलली नाही. बाबा वर आला तेव्हा तिनं तोंड वळवलेलं होतं. तो खुर्चीत बसला आणि तिच्या पाठमोऱ्या डोक्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी, बाजार भरायच्या सुमाराला, तिचा श्वास थांबला. मेणबत्ती तेव्हा कट्ट्यावर वितळून सपाट झाली होती.

आम्ही दुखवट्याचे काळे कपडे घालत नाही. घंटा वाजवत नाही, दगडावर नाव कोरत नाही. सुतारानं साधी पेटी आणली आणि सभाघरामागच्या गवताखाली तिला ठेवलं. लोक शांत उभे राहिले.

घरी परतताना आमच्या ओळीत शिरलो. पेव्हरेलच्या खिडक्यांना तपकिरी कागद चिकटवला होता. ब्रॅगच्या खिडकीत फळकूट होतं. आमच्या काचा सगळ्या शाबूत होत्या आणि त्यांवर ऊन पडलं होतं. सभेची माणसं सोबत चालत होती. कुणी वर पाहिलं नाही. बाबानं टोपी डोळ्यांवर ओढली.

पेव्हरेलच्या दारासमोर दगडांच्या फटींत अजून काचेचा चुरा चमकत होता. बाबा थांबला. "सायलस, मी झाडू आणतो."

"झाडून झालंय, केलेब," सायलस म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बाबाला बरं वाटलं असतं.

नॅन टफ्ट बडीशेपेचा गोड पाव घेऊन आली. मला जवळ घेतलं, आईसाठी खरोखर रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "पण तुझ्या बाबानं शहाणपणा केला हो. सगळा बाजार नाव काढतोय. माझा नवरा तर म्हणतो, आता या माणसाबरोबर बसून पेलाभर बिअर प्यायला हरकत नाही."

बाबा दारात होता. त्यानं ते ऐकलं. पाव त्यानं तोंडात घातला नाही.

आणि तसंच चालू राहिलं. लोहार दुकानात आला, जुडगा घेतला, भाव विचारलाही नाही, आणि जाताना बाबाच्या पाठीवर थाप मारून गेला. मनोऱ्याच्या घराचा कारभारी, ज्यानं आजवर बाबाला वाट दिली नव्हती, त्यानं चौकात टोपी उंचावली. बाबा अंग चोरून चालायला लागला. चरबी आणायला तो मागच्या बोळानं जायचा. तळघरात त्याच्या हातून दांड्या निसटत होत्या. एकदा सगळी दांडी वातींसकट कढईत पडली, तर तो ती बाहेर काढायची सोडून नुसता बघत राहिला. मीच चिमट्यानं काढली. वाती एकमेकींना चिकटून गेल्या होत्या. कात्रीनं तोडाव्या लागल्या.

पुढच्या आठवड्यात सायलस पेव्हरेल आणि इसाक ब्रॅग संध्याकाळी घरी आले. सभेत कुणाचं पाऊल चुकलं तर आधी दोघं जण घरी येऊन विचारतात. पुढच्या खोलीत ते बसले, बाबा समोर बसला. ब्रॅगच्या खिशातलं घड्याळ ऐकू येत होतं. मी दुधाचा मोठा पेला घेऊन आत आले आणि भिंतीशी उभी राहिले.

"केलेब," सायलस म्हणाला, "आजाऱ्याच्या उशाशी दिवा असतो. कुणाच्याही घरात असतो. तो दिवा डॉर्कससाठी होता ना?"

तो हात पुढे करत होता. मला दिसत होतं, इसाकला दिसत होतं. बाबानं फक्त हो म्हणायचं होतं.

"उशाशी होता तोवर तिच्यासाठी होता," बाबा म्हणाला. "खिडकीत नेला तो रस्त्यावरच्या लोकांसाठी."

इसाकनं मान खाली घातली. "दगड तिच्या खाटेवर पडले असते."

"पडले असते. तिनं ते सोसले असते. सोसता आलं नाही ते मला."

"ती काही म्हणाली?" सायलसनं हळूच विचारलं.

"काढ म्हणाली. दोनदा म्हणाली. मी काढला नाही." बाबाचा आवाज खाली आला. "मग ती माझ्याशी बोलली नाही. माझ्याकडे पाठ करून गेली."

माझ्या हातातला पेला गरम होता. तो खाली ठेवायचं मला सुचलं नाही. बोटं भाजत होती. मी खोलीत होते हे तिघांनाही माहीत होतं, पण प्रश्न मला नव्हता. मी उत्तर दिलं नाही.

सायलसनं सांगितलं की बाबानं चुकीची कबुली लिहून पहिल्या वारी सभेत स्वतः वाचावी, मग सभा ती स्वीकारील आणि गोष्ट मिटेल. "डॉर्कसचं लिहायची गरज नाही," तो उठताना म्हणाला. "तेवढं वगळ. कुणी विचारणार नाही."

"खरं आहे ते," बाबा म्हणाला. "वगळून कसं चालेल?"

दारापाशी सायलस माझ्याजवळ थांबला. डॉर्कसच्या आयुष्याबद्दल सभा चार शब्द लिहिणार होती, मोठ्या वार्षिक सभेत वाचायला. इसाकची बायको टॅबिथा ब्रॅग ते लिहिणार होती. "शेवटच्या घटकेलाही तिनं दिवा काढायला सांगितला, हे त्यात येईल. तुला दुःखात तेवढा आधार होईल, केझिया."

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मलाच माहीत नाही.

ते गेल्यावर बाबा वर गेला. मी मागून गेले तर तो खिडकीच्या कट्ट्यावरची चरबी सुरीनं खरवडत होता. लाकडात मुरलेला डाग निघत नव्हता. तो पुन्हा पुन्हा एकाच जागी खरवडत होता आणि लाकडाची सालं निघत होती.

"बाबा, राहू दे."

"हा डाग राहील."

"राहू दे ना."

तो थांबला. सुरी हातातच होती. "एवढ्या वर्षांत तिनं मला एकदाही भित्रा म्हटलं नाही, केझिया. माहीत होतं तिला. त्या वेळी, पहिल्यांदा दगड पडले तेव्हा, मी तळघरात होतो. कढईखालचा विस्तव विझवायला गेलो असं सांगितलं. विस्तव नव्हताच. तिला माहीत होतं. ती कधी बोलली नाही."

मी खाटेच्या कडेवर बसले. उशा अजून तशाच होत्या.

"बाबा," मी म्हणाले. "त्या संध्याकाळी तू जिन्यात गेल्यावर..."

"ती घाबरली नाही," तो म्हणाला. त्याला माझं ऐकू गेलं नव्हतं. "मी एवढा जवळ होतो तिच्या, इतकी वर्षं, आणि तिच्यातलं काहीच मला चिकटलं नाही. पण ती होती. कुणीतरी तसं असू शकतं हे मी बघितलं. तेवढं एक माझ्याकडे शिल्लक आहे."

यानंतर मी काय सांगणार होते? मी उशांचे अभ्रे काढले आणि धुवायला खाली नेले. हौदावर ते चोळताना स्वतःला समजावलं, की आईची गोष्ट आईची आहे. ती तिनं बाबाला सांगितली नाही, मी का सांगावी? तिचं नाव दहा गावांत घेतात. मेलेल्या माणसाला कुणाच्या तोंडून भित्रं ठरवायचं? पण मला हेही ठाऊक होतं की मी तिचं नाव जपत नव्हते. त्या व्रणाची मुलगी असणं मला सोडवत नव्हतं. अभ्रे स्वच्छ झाले तरी मी चोळतच होते.

पहिल्या वारी बाबानं टोपी ब्रशनं साफ केली. चरबीचा वास आमच्या कपड्यांतून कधी जात नाही, तरी तो हात पुन्हा पुन्हा धुवत होता. दारातून निघताना त्यानं घडी केलेला कागद मला दाखवला.

"अक्षर लागतं का बघ. डोळ्यांत पाणी आलं तर वाचता यायला हवं."

मी वाचलं. अक्षर मोठं आणि सरळ होतं. त्यानं काही वगळलं नव्हतं.

सभाघरात पुरुष एका बाजूला, बायका दुसऱ्या बाजूला. समोरच्या उंच बाकावर, जिथे बाबा एरवी सायलसशेजारी बसायचा, तिथे आज तो बसला नाही. मागच्या रांगेत, दाराजवळ बसला. त्या रांगेत चुकून आलेले बाहेरचे लोक बसतात. आईची जागा रिकामी होती. आमच्याकडे धर्मगुरू नसतो, गाणं नसतं. सगळे गप्प बसतात आणि कुणाला आतून बोलावंसं वाटलं तर तो उठून बोलतो. आई बोलायची. मी जन्मापासून त्या खोलीत बसत आले होते आणि एकदाही उठले नव्हते. छपराखाली कुठेतरी पाकोळ्यांची पिल्लं ओरडत होती. टॅबिथा ब्रॅगच्या मांडीवर तिचे हात एकावर एक होते, आणि त्या हातांवर खिडकी फुटली तेव्हाचे बारीक ओरखडे होते.

बाबा उठला. कागद उलगडताना आवाज झाला.

"मी, केलेब ऑर्टन, विजयाच्या रोषणाईच्या संध्याकाळी माणसांच्या भीतीनं माझ्या खिडकीत दिवा ठेवला. माझ्या शेजाऱ्यांची घरं फुटत होती आणि मी माझं वाचवलं. माझ्या मरणाऱ्या बायकोनं तो काढायला सांगितला. मी काढला नाही. ती माझ्यापासून तोंड फिरवून गेली. मला याची लाज वाटते, आणि मी ही लाज सभेसमोर ठेवतो."

शेवटचं वाक्य त्याला वाचता आलं नाही, ते त्यानं पाठ म्हटलं. मग तो बसला. बाक करकरला. त्याच्या शेजारची जागा रिकामी होती आणि ती भरायला कुणी सरकलं नाही. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. त्यांना वाटलं त्याला एकटं असू द्यावं.

मग टॅबिथा ब्रॅग उठली. ती मऊ आवाजात बोलली. डॉर्कसबद्दल बोलली, तिच्या भुवईबद्दल, दूरच्या सभांपर्यंत केलेल्या प्रवासांबद्दल. "आणि शेवटी," ती म्हणाली, "श्वास पुरत नव्हता, रस्त्यावर माणसं ओरडत होती, तरी तिचे शब्द होते, ते काढ. आपल्यातल्या दुबळ्यांना ते शब्द उपयोगी पडोत."

बाबाची मान आणखी खाली गेली. टोपीची कड त्याच्या गुडघ्यांना लागेल असं मला वाटलं.

मी उठले. उठायचं ठरवलं नव्हतं. पुढच्या बाकाची पाठ धरली तेव्हा कळलं की मी उभी आहे. माझ्या आईच्या जागेकडे लोकांनी पाहिलं, मग माझ्याकडे.

"मी त्या खोलीत होते," मी म्हणाले. आवाज फाटला, म्हणून पुन्हा म्हणाले. "मी त्या खोलीत होते. बाबा जिन्यात गेल्यावर मी मेणबत्ती काढायला गेले. आईनं माझा हात धरला. ती म्हणाली, राहू दे. ती म्हणाली, मला भीती वाटते."

टॅबिथा अजून उभी होती. मला सभेशी बोलायचं होतं, पण मी दाराजवळच्या रांगेकडे वळले.

"बाबा, तिनं तुझ्यापासून तोंड फिरवलं नाही. तुझी खुर्ची या बाजूला होती आणि दिवा त्या बाजूला होता. ती दिव्याकडे बघत होती. श्वास थांबेपर्यंत तिकडेच बघत होती. तुला मी हे तेव्हाच सांगायला हवं होतं. आपल्या काचा फुटल्या नाहीत याचा तिला आनंद झाला होता, बाबा. मलाही झाला होता."